कोरडी पिशवी

बाहेर.

पलंगाला टांगलेली लघवीची पिशवी कोरडी होती. काच कारखान्यातल्या फुंकाऱ्याची बायको खाली फरशीवर बसून तिच्याकडे टक लावून बघत होती. नळीत काही चमकलं की ती पुढे वाकायची. मग कळायचं, खिडकीतला उजेड आहे.

"अगं, अशी बघत बसलीस तर तीसुद्धा लाजेल," नवरा पलंगावरून म्हणाला.

"तुम्ही गप्प पडा हो."

"जन्मभर बाटल्या फुगवल्या, आणि माझीच रिकामी!"

ती हसली नाही. डॉक्टरीणबाई सांगून गेल्या होत्या, संध्याकाळपर्यंत लघवी सुरू झाली नाही तर रक्त यंत्रातून फिरवून साफ करावं लागेल. पुढचं पुढे बघू. तो 'पुढे' ऐकल्यापासून ती पिशवीसमोरून हलली नव्हती.

आत.

दोन मूत्रपिंडं. प्रत्येकात केसाहून बारीक रक्तवाहिन्यांचे लाखो गुंते. प्रत्येक गुंत्याला रक्त आणणारी एक वाट आणि नेणारी एक. गुंत्यात दाब असला तरच रक्तातलं पाणी गाळून पलीकडे उतरतं. अंगातला दाब वाढला की आणणारी वाट आवळते. घटला की ती सैलावते आणि नेणारी आवळते, म्हणजे आलेलं थोडं रक्तही गुंत्यात दाब धरून राहतं. कुणाला सांगावं लागत नाही. माणूस झोपलेला असो, नाहीतर भट्टीपुढे उभा.

बाहेर, चार दिवस आधी.

भट्टीपुढे तो पाणी पीत नसे. तिथले सगळेच फुंकारी तसे. पोटात पाणी डचमळलं की फुंकर मध्येच तुटते, बाटलीची मान वाकडी येते, हे त्यांच्या डोक्यात पक्कं बसलेलं. त्यात मोठं काम आलं आणि त्याचा खांदा धरला. फुंकायची नळी फिरवायची थांबली तर टोकाची वितळलेली काच ओघळते, म्हणून हात मोकळा नाही. दुखण्याची गोळी बायकोच कमरेच्या बटव्यातून काढून त्याच्या तोंडात घालायची. शेजारच्या बाकावर ती बाटल्यांच्या कडा घासायला असायची. सकाळी एक. मग दुपारीही एक. मग मध्येच आणखी एक. घोटभर पाणी, तेही गोळीपुरतं. तो कधी मागायचा नाही. त्याचा जबडा आवळलेला दिसला की तिला कळायचं.

आत, तेव्हा.

घामावाटे पाणी गेलं. दाब उतरला. नेणारी वाट आवळली. आणणारी सैल व्हायला हवी होती. तिला सैल ठेवणारा रस मूत्रपिंड स्वतःच बनवतं. गोळीनं खांद्याची कळ मारली आणि तो रसही बंद पाडला.

वाट मिटत गेली.

दाब नाही.

गाळणं…

बाहेर.

डॉक्टरीणबाईंनी हे तिला स्वतःची मूठ आवळून, सोडून दाखवलं होतं.

"म्हणजे मीच केलं," ती म्हणाली होती.

"नुसत्या गोळीनं नाही झालं, मावशी. नुसत्या तहानेनंही नाही. दोन्ही एकदम आलं. आता गोळी बंद आहे, सलाइननं पाणी भरून काढलंय. मूत्रपिंडांना जमतंय का, बघायचं."

ऊन फरशीवरून सरकत भिंतीवर चढलं. दाराबाहेर यंत्र आणून उभं केलं. नवऱ्यानं ते पाहिलं आणि पहिल्यांदाच थट्टा केली नाही. पांघरूण गळ्यापर्यंत ओढून घेतलं.

सिस्टर पिशवी उचलून उजेडाकडे धरत म्हणाल्या, "अहो, हे बघा."

तळाशी गडद पिवळं, जेमतेम बोटभर. नळीतून आणखी उतरत होतं. तिनं पिशवीला हात लावला. ऊबदार होती. तिला रडू फुटलं. नवरा भिंतीकडे तोंड करून पडला. परक्या बायकांपुढे आपल्या लघवीचं एवढं कौतुक त्याला सोसेना.

डॉक्टरीणबाई आल्या. "यंत्र आज नको. सकाळी रक्त परत तपासू, मग ठरवू. पण काका, त्या गोळ्या कायमच्या बंद. आणि भट्टीपुढे पाणी प्यायचं."

"बाटल्या वाकड्या येतील, बाई."

"येऊ देत," बायको म्हणाली.

"खांद्याचं काय?"

"दुखेल. दुखला की तोंडानं सांगायचं. मी ओळखायचं नाही आता."

डॉक्टरीणबाई गेल्या. तो तिच्याकडे वळला. मग कुणाला ऐकू जाऊ नये अशा बेतानं म्हणाला,

"अगं. आत्ता दुखतोय."

तिचा हात सवयीनं कमरेच्या बटव्याकडे गेला. आत काही नव्हतं. तोच हात काढून तिनं त्याच्या खांद्यावर ठेवला.