एकतीस बंद घरं

"साडेऐंशी टक्क्यांचं मी काय करू, विमलाताई? वरून नव्वद मागितलेत."

मुख्याधिकारी अनुजा मॅडम हे रागावून बोलल्या असत्या तर विमलाला बरं वाटलं असतं. पण सत्तावीस वर्षांची, साताऱ्याकडची ती पोर समोरच्या कागदावर पेन्सिलीनं गोल काढत अगदी अजिजीनं बोलत होती. म्हणजे तिच्याही मानेवर कुणीतरी बसलेलं होतं. मार्चची एकोणतीस तारीख होती आणि देवखोल नगरपंचायतीत त्या दिवशी चहासुद्धा कुणी बसून घेत नव्हतं.

"मॅडम, प्रभाग नऊ आणि दहामधलं एकही उघडं दार मी सोडलेलं नाही. राहिलीत ती बंद घरं. माणसं मुंबईत, घरपट्टी घेऊ कुणाकडून?"

"मला कळतं हो. पण वसुली नव्वदच्या खाली गेली की अनुदान कापतात. अनुदान कापलं की पहिली कात्री रोजंदारीवर येते." मॅडमनी मान वर केली. "आणि तुम्हाला कायम करण्याचा प्रस्ताव मी यंदा सिंधुदुर्गनगरीला पाठवते आहे. त्याला तुमच्या दोन प्रभागांचा आकडा जोडावा लागतो. साडेऐंशी जोडू?"

कायम. हा शब्द विमला घाडी बावीस वर्षं ऐकत आली होती. नवरा ग्रामपंचायतीच्या पंपावर होता, तो गेला तेव्हा समीक्षा अंगावर पीत होती. सरपंचांनी दया येऊन विमलाच्या हातात वसुलीचं पावतीपुस्तक दिलं. पुढे ग्रामपंचायतीची नगरपंचायत झाली, पाटी बदलली, खुर्च्या बदलल्या, साहेबांना गाडी आली. विमला मात्र होती तिथेच राहिली. हातात महिन्याला अकरा हजार, रजा घेतली तर तेही कापून. समीक्षा आता कुडाळला नर्सिंगच्या दुसऱ्या वर्षाला होती आणि विमला त्रेपन्न वर्षांची. कायम झाली तर पोरीचं शिक्षण पुरं होणार होतं आणि म्हातारपणी कुणापुढे हात पसरावा लागणार नव्हता. तिला जगाकडून एवढंच हवं होतं.

आता एक गोष्ट सांगायला हवी, जी कचेरीत सगळ्यांना ठाऊक होती आणि कुणालाच ठाऊक नव्हती. मार्च संपता संपता विमला दरवर्षी दहा-बारा बंद घरांची घरपट्टी पदरची भरायची. घरमालकाच्या नावानं पावती फाडायची, प्लास्टिकच्या पिशवीत घालायची आणि त्या बंद दाराच्या कडीत अडकवून यायची. मे महिन्यात नाहीतर गणपतीला चाकरमानी आला की आधी कडीतली पावती काढायचा, मग विमलाच्या घरी येऊन पैसे मोजायचा. वर तिला एखादं ब्लाऊजपीस, समीक्षाला खाऊ. त्यातल्या नऊ घरांच्या चाव्याही तिच्याकडेच असत, संध्याकाळी देवापुढे दिवा लावायला. बावीस वर्षांत तिचा एक रुपया कुणी बुडवला नव्हता.

यंदा मात्र नवी आकारणी झाली होती. आठशेची घरपट्टी बावीसशेवर गेली होती, म्हणून एरवी मुंबईहून पैसे पाठवणारेही थांबले होते. दहा-बारा घरांनी भागणार नव्हतं. विमलानं कचेरीच्या मागच्या पडवीत बसून हिशोब मांडला. एकतीस घरं भरली तर अडुसष्ट हजार दोनशे होत होते, आणि आकडा नव्वदच्या काठावर पोचत होता.

आईनं दिलेल्या दोन पाटल्यांतली एक पोरीच्या फीसाठी आधीच पतपेढीत होती. तीस तारखेला दुसरीही गेली.

"आये, हात असे मोकळे बरे नाय दिसणत," समीक्षा त्या संध्याकाळी म्हणाली.

"गणपतीक पाटल्यो येतल्यो परत. आणि आये कायम झाली काय तुका कानातले करतलंय. गप जेव."

पतपेढीनं सत्तर हजार मंजूर केले आणि जुन्या कर्जाचं थकलेलं व्याज कापून बरोबर अडुसष्ट हजार दोनशे हातावर ठेवले. एकतीस तारखेला दुपारी विमला पावत्या फाडायला बसली. तीस पावत्या झाल्यावर तिच्याजवळ तेवीसशे रुपये उरले. एकतिसावं घर डोंबिवलीला राहणाऱ्या सर्वेशचं होतं, त्याच्याशिवाय आकडा एकोणनव्वद पूर्णांक सातवर अडत होता. आणि मग तिला आठवलं की स्वतःच्या घराची एकोणीसशेची पट्टी राहिली आहे.

तिचं घर प्रभाग सहामध्ये. तो दुसऱ्या वसुलीवाल्याचा. तिथे भरलेला पैसा तिच्या आकड्यात धरला जाणार नव्हता. ती पेनाचं टोपण दातात धरून मिनिटभर बसली. माझं काय, पगार झाला की भरीन, असं म्हणून तिनं सर्वेशच्या नावानं पावती फाडली. मॅडमनी आकडा बघून तिचा हात हातात घेतला. त्या दिवशी विमलाला वाटलं, संपलं आता, सुटले.

नगरपंचायतीला अनुदान मिळालं. त्यातून काय झालं म्हणाल, तर तिठ्यावर स्वागत कमान झाली, तिच्यावर नगराध्यक्ष भाईंचा हात जोडलेला फोटो आला, आणि तळ्याच्या काठी गावाचं नाव लाल अक्षरांत उभं राहिलं, पर्यटकांनी पुढे उभं राहून फोटो काढावेत म्हणून. प्रभाग नऊची फुटकी पाइपलाइन तशीच राहिली. विमला त्या कमानीखालून रोज दोनदा जायची आणि मनात म्हणायची, ह्यातला एखादा खांब माझ्या पाटलीचा असणार.

जुलैच्या सभेत भाईंनी टेबलावर हात आपटून जाहीर केलं, "वाढीव घरपट्टी रद्द! सामान्य माणसावर बोजा आम्ही टाकणार नाही!" दिवाळीनंतर निवडणूक होती. बाहेर फटाक्यांची माळ लागली. लेखापालांनी पुढचा ठराव खालच्या आवाजात वाचला: ज्यांनी एकतीस मार्चपर्यंत वाढीव दरानं भरणा केला आहे, त्यांची जादा रक्कम त्यांच्या पुढच्या वर्षीच्या पट्टीच्या मागणीत वळती करावी.

विमला मागच्या रांगेत उभी होती. सभा संपल्यावर तिनं भाईंना जिन्यात गाठलं.

"भाई, त्या एकतीस घरांचे जादा पैशे माझे आसत. माका परत मिळूक होये."

"हळू बोल गो," भाईंनी आधी मागे-पुढे पाहिलं. "पावती कोणाच्या नावार आसा? घरवाल्याच्या. मगे पैशे तुझे कसे? दुसऱ्याच्या नावान पावती फाडलंस ह्यां ऑडिटात गावला तर तुझी नोकरीच जायत. मी काय आयकलंय नाय, तू काय बोलूक नाय. घरवाल्यांकडसून घी. ते काय परके आसत?"

गणपतीत चाकरमानी आले. कडीत अडकवलेल्या पावत्या पावसानं पिवळ्या पडल्या होत्या. सर्वेश डोंबिवलीहून नव्या गाडीनं आला होता. तो लहान असताना विमलानं त्याला आंब्याच्या झाडावरून दोनदा खाली उतरवलेलं. त्यानं पेढ्यांचा पुडा ठेवला, वाकून नमस्कार केला आणि आठशे पन्नास रुपये पुढे केले.

"सर्वेशा, मी तेवीसशे भरलंय रे."

"माका ठाऊक आसा, काकी. पावती बघितलंय. पण दर रद्द झालो ना? जादाचे पैशे नगरपंचायतीकडे हत, माझ्याकडे नाय."

"तुझ्या खात्यार जमा हत ते. पुढची दीड-दोन वर्सां तुका काय भरूचा लागाचा नाय. म्हणान सांगतंय, ते माका आता दी. पाटल्यो ठेवलंय रे मी पतपेढीत."

सर्वेश खरोखर ओशाळला. त्यानं पाकीट उघडलं, आत बघितलं, आणि मिटलं. "काकी, घराचे हप्ते, गाडीचे हप्ते, त्यात ह्यो गणपती. पुढच्या वर्साचा पुढच्या वर्सा बघूया गो. मी खंय पळान जातंय?"

कुणीच पळून जात नव्हतं. सगळे बरे होते, सगळे हसून बोलत होते, सगळ्यांचं म्हणणं कागदाला धरून होतं. एकट्या राधाबाई, परळच्या खोलीत एकट्या राहणाऱ्या, सत्तरीच्या, कनवटीच्या पिशवीतून एकवीसशे मोजून म्हणाल्या, "तू माझ्यासाठी भरलंस, मी तुका देतंय. नगरपंचायत मधी खंय इली?" विमला त्यांच्यासमोर रडली नाही, परसात जाऊन रडली. बाकीच्यांनी जुना दर दिला. सहा घरांत यंदा माणसंच आली नाहीत. विसर्जन झालं, गाड्या कसालच्या हमरस्त्यानं मुंबईकडे गेल्या आणि दारं पुन्हा बंद झाली. जमलेल्या पैशांत एकही पाटली सुटत नव्हती.

तरी ती खचली नाही. प्रस्ताव सिंधुदुर्गनगरीत होता. कायम झाली की पहिल्या दोन पगारांत हे सगळं निघून जाईल, असं ती रोज अंथरुणाला पाठ टेकताना स्वतःला सांगत होती. पतपेढीची नोटीस आली, तिनं ती देवाच्या तसबिरीमागे ठेवली.

डिसेंबरात मॅडमनी तिला केबिनमध्ये बोलावलं आणि दार लावून घेतलं.

"प्रस्ताव परत आला, ताई. अकरापैकी दहा जणांचे मंजूर झाले."

दहा म्हटल्यावर विमलाच्या चेहऱ्यावर आशा आली, कारण माणूस स्वतःला आधी दहांतच धरतो. मॅडमनी कागद तिच्याकडे फिरवला. तिच्या नावापुढे एकच ओळ होती. अर्जदार एकतीस मार्च रोजी नगरपंचायतीच्या घरपट्टीची थकबाकीदार असल्याने अपात्र.

"तुम्ही स्वतःची घरपट्टी भरली नव्हती?"

"भरली मॅडम. पगार झाला त्याच दिवशी. सात एप्रिलला."

"तारीख एकतीस मार्चची धरलीय."

"मॅडम, त्या दिवशी मी एकतीस घरं भरली." तिचा आवाज चिरकला. बाहेर टायपिंग थांबलं. "एकतीस! माझ्या पाटल्या ठेवून! तुम्हाला नव्वद हवे होते म्हणून. मी थकबाकीदार?"

अनुजा मॅडमचे डोळे भरले, पण त्यांनी हात वर करून तिला थांबवलं. "हे मी ऐकलेलं नाही, विमलाताई. ऐकलं तर मला लिहावं लागेल. आणि लिहिलं तर आहे तेही जाईल. पुढच्या खेपेला पुन्हा पाठवू."

"जूनमध्ये मला पंचावन्न पुरी होतात."

पुढची खेप जूननंतरची, आणि पंचावन्ननंतर प्रस्ताव जात नाही, हे दोघींनाही माहीत होतं. मॅडमनी पेन्सिल उचलली आणि परत ठेवली.

फेब्रुवारीत पाटल्यांचा लिलाव झाला. त्याच महिन्यात मॅडमची बदली झाली, आणि जाण्याआधी त्या विमलाच्या घरी येऊन समीक्षाच्या हातात हजार रुपये ठेवून गेल्या. विमलानं ते घेऊ दिले, कारण बसच्या पासाला हवे होते. मार्चच्या सभेत ठरलं की एक एप्रिलपासून वसुली एका खासगी एजन्सीला द्यायची. मुलं मशीन घेऊन फिरतील, पैसे मोबाइलवरून येतील. जुन्या वसुलीवाल्यांनी पुस्तकं जमा करावीत. भाई निवडून आले होते. त्यांनी तिला खांद्यावर हात ठेवून सांगितलं, "खंयतरी बसवतंय तुका, घाबरू नको." त्यानंतर त्यांचा फोन लागला नाही.

त्या वर्षी विमलाच्या आकड्याची चौकशी कुणी केली नाही. एकतीस घरांची मागणी जादा भरण्यातून आपोआप वळती झाली होती. तिच्याच पैशांनी ती घरं दुसऱ्यांदा भरली होती.

एकतीस मार्चला दुपारी तिनं पावतीपुस्तक उघडलं. उरलेल्या पावत्यांवर एकेक तिरकी रेघ मारून 'रद्द' लिहिलं. शेवटची एक ठेवली. नाव: विमला घाडी. प्रभाग सहा, घरपट्टी सहाशे ऐंशी. तिचा मागचा भरणा सात एप्रिलचा, म्हणून त्यातलं काही वळतं झालं नव्हतं. खाली वसूल करणाऱ्याची सही असते, तिथेही तिनंच सही केली. पैसे रोखपालाकडे दिले, पुस्तकं जमा केली, पोच घेतली. तेवीस वर्षांत पहिल्यांदा तिच्या पिशवीत पावतीपुस्तक नव्हतं, त्यामुळे पिशवी खांद्यावरून सारखी घसरत होती.

वाटेत नऊ घरांत दिवे लावायचे होते. चाव्या अजून तिच्याकडेच होत्या, त्या जमा करा असं कुणी सांगितलं नव्हतं. सर्वेशच्या देवघरात तेल संपलं होतं, तिनं राधाबाईंच्या घरातून थोडं आणून घातलं. सगळी दारं लावून, कड्या ओढून बघून ती आपल्या घरी आली.

ओटीवर चढल्यावर तिनं पिशवीतून स्वतःची पावती काढली. चार घड्या घातल्या, प्लास्टिकच्या पिशवीत ठेवली, तोंड पिळून घट्ट केलं आणि आपल्या दाराच्या कडीत नीट अडकवली, पाऊस लागू नये अशी. मग दोन पायऱ्या उतरून ती पुढच्या घराकडे निघाल्यासारखी वळली आणि तिथेच थांबली.

"आये," आतून समीक्षाची हाक आली, "भायर कित्याक उभी रवलंस गो? दार उघडाच आसा."