मेणाचा दोरा

मुलगा स्कोप घेऊन घरी आला त्या दिवशी शाबासकी द्यायची सोडून मी त्याला शिव्या घातल्या. पुन्हा तसंच झालं तर पुन्हा घालीन.

आधी स्कोप म्हणजे काय ते सांगते, नाहीतर आमच्या सुनेसारखं व्हायचं. तिला लग्नानंतर बरेच दिवस वाटत होतं की सासूबाई दुर्बिणीच्या कारखान्यात होत्या. स्कोप हे तपासणीचं यंत्र. रेडिओ म्हणा, टीव्ही म्हणा, काही बिघडलं की त्यातली वीज कशी वाहतेय ते हा लहानशा गोल पडद्यावर हिरवी ओळ काढून दाखवतो. बाहेरून बटणं, आकड्यांच्या चकत्या आणि निळसर पत्रा. लोक तेवढंच बघतात. त्याच्या पोटातल्या तारा बांधायचं काम आमच्या खात्याकडे होतं, आणि खात्यात सगळ्या बायका.

तारा बांधायच्या म्हणजे गठ्ठा वळायचा नव्हे. लाकडी पाटावर खिळे ठोकलेले असायचे. त्यांच्यामधून एकेक तार न्यायची आणि मेण लावलेल्या दोऱ्याने जुडी बांधत जायचं. तार जिथून बाहेर फुटते तिथे एक गाठ अलीकडे, एक पलीकडे. जुडी जिथे वळते तिथे गाठी जवळजवळ. दोरा ओढून ओढून करंगळी कापायची, म्हणून बोटाला चिकटपट्टी गुंडाळायचो. खात्याची मुख्य होती तिला आम्ही मोठी बाई म्हणायचो. ती जुडीवरून नख ओढत जायची. गाठ सरकली की लावली कात्री, सगळी जुडी मोकळी. रडा नाहीतर हसा, पण पुन्हा पहिल्यापासून बांधा. एकदा आमच्यातली एक वैतागून म्हणाली, "बाई, आत कोण बघायला जातंय?" मोठी बाई म्हणाली, "जो दुरुस्त करायला उघडेल तो. त्याच्या तोंडची शिवी मला खायची नाहीये."

कारखाना बंद पडून जमाना झाला. मुलाला भंगारवाल्याकडे आमच्याच कारखान्याचा स्कोप दिसला आणि त्याने तो उचलला. चालूही होत होता. आईला चकित करायचं म्हणून आपल्या मोबाइल दुरुस्तीच्या दुकानात लपवून त्याने त्याची साफसफाई केली. मग घरी आणून टेबलावर ठेवला, मागचं झाकण काढलं आणि म्हणाला, "बघ आई, कसा चकाचक केलाय!"

मी आत बघितलं. दोरा नव्हता. सगळ्या तारा एकत्र कोंबून त्यांना काळ्या प्लास्टिकच्या पट्ट्या आवळल्या होत्या.

"दोरे कुठे आहेत?"

"कापले. अगं, पिवळे पडले होते, मळके नुसते. म्हटलं, आईला दाखवायचंय तर नीटनेटकं दाखवू."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. "अरे गाढवा! मळके दोरे? ते आम्ही बांधलेत! तुला लहानपणी आंघोळ घालताना तू मळका आहेस म्हणून तुझे हात कापले होते का मी?"

सून स्वयंपाकघरातून धावत आली, तिला वाटलं कोणी पडलं-बिडलं. मुलाचं तोंड एवढंसं झालं होतं. त्याने गुपचूप स्कोप चालू केला. पडद्यावर हिरवी ओळ आली, पण सरळ नाही. नुसती वळवळत होती.

"मी आणला तेव्हा सरळ यायची," तो पुटपुटला.

"यायचीच! आतल्या काचेच्या नळ्या तापवायला जी वीज जाते, तिच्या तारा लांब ठेवायच्या असतात. नाजूक तारांना तिची बाधा होते. आम्ही त्यांना आपापल्या जागी बसवायचो, आणि दोरा त्यांना तिथून हलू द्यायचा नाही. शोभेला होता का तो?"

चूक कळली की माणसाने गप्प बसावं. आमचा मुलगा अशा वेळी चिडतो. त्याचा एक मित्र दुकानं सजवून देतो. कुठल्याशा नव्या कॅफेसाठी त्याला जुनी यंत्रं हवी होती. पोटातलं सगळं काढून टाकायचं, आत दिवा लावायचा आणि फळीवर मांडायचं. "त्याला देऊन टाकतो," मुलगा म्हणाला. "तुझी कटकट तरी जाईल. उद्या घेऊन जाईल तो."

"आणि मी परत बांधला तर?"

तो माझ्या हातांकडे बघायला लागला. माझ्या अंगठ्यांचे सांधे सुजलेले असतात, बरणीचं झाकणसुद्धा सून उघडून देते. हे सगळं त्याच्या तोंडावर दिसत होतं आणि मला त्याचा भयंकर राग आला.

"बांध," तो म्हणाला. "चालला तर राहील घरात. नाही चालला तर एक शब्द बोलायचा नाही. कबूल?"

"कबूल," मी म्हटलं. रागाच्या भरात माणूस काहीही कबूल करतो.

जोडे शिवायचा जाड दोरा आणला, मेणबत्तीवर घासून घेतला. पट्ट्या कापून टाकल्या आणि तारा एकेक करून सुट्या केल्या. कुठली तार कुठून जाते ते मला आठवत नव्हतं, खोटं कशाला बोलू? पण तारांना आठवत होतं. इतकी वर्षं एका जागी राहून त्यांना बाक आला होता. बाक बघायचा आणि तिथे नेऊन ठेवायची, की तार आपली बसायची. गाठी मारताना मात्र नाकी नऊ आले. अंगठा दाबला की कळ थेट कोपरापर्यंत. सून म्हणाली, "आई, मी ओढू का दोरा?" मी तिच्यावरही खेकसले. मग जरा वेळाने म्हटलं, "बरं, ओढ. पण मी सांगेन तेवढाच." दोन ठिकाणी गाठ सरकली. सूनबाई म्हणाल्या, चालेल की. मी कात्री मागितली.

दुसऱ्या दिवशी सजावटवाला दारात आला तेव्हा मी शेवटची गाठ आवळत होते. मुलाने स्कोप चालू केला. नळ्या तापल्या, आणि ओळ आली. सरळ! अगदी सरळ, जराही हलेना. मला एवढा आनंद झाला की मी सुनेच्या पाठीत धपाटा घातला.

मग ती ओळ जाड व्हायला लागली. फुगली, फिकट झाली आणि गेली. पडदा काळा.

मुलाने बराच वेळ तपासलं. "पडद्याला वीज पुरवणारा ट्रान्सफॉर्मर गेला," तो म्हणाला. "तुझ्या तारांचा काही दोष नाही, आई. पण तो आता कुठेच मिळत नाही." मग हळूच म्हणाला, "आपलं ठरलं होतं."

"हो, ठरलं होतं," मी म्हटलं. "मी दिला होता शब्द. आता मोडते. काय करायचं ते कर."

"आई, अगं..."

"चालत नाही म्हणून काय त्याचं पोट फाडायचं? हात तर लावून बघा!"

सजावटवाला बिचारा मधल्या मध्ये अवघडला. "काकू, राहू दे. आतलं नाही काढत, दिवाही नाही लावत. आहे तसा ठेवतो. मग तर झालं?"

मी विचार केला. घरात ठेवून तरी तो कुठे जाणार, माझ्या पलंगाखाली. तिथे त्याला कोण बघणार, झुरळं?

"ने," मी म्हटलं. "पण उघडी बाजू गिऱ्हाइकांकडे. तोंड भिंतीकडे."

तो हसला. मी हसले नाही.

"अहो काकू, चकत्या, बटणं, पडदा... सगळी शोभा पुढेच आहे!"

"ती शोभा सगळ्यांनी बघून झालीय."

"लोक विचारतील, उलटा का ठेवलाय?"

"मग सांग की त्यांना! तुला तोंड दिलंय ना देवाने?"

त्याने मुलाकडे बघितलं. आमचा मुलगा भिंतीला टेकून उभा होता, हाताची घडी घालून. "ती म्हणते तसा ठेवणार असशील तर ने," तो म्हणाला. "नाहीतर राहू दे."

दोघांनी मिळून स्कोप उचलला. सजावटवाल्याने झाकण काखेत मारलं, ते मी काढून घेतलं.

"अहो, ते लागेल ना!"

"कशाला?"

दोघं तसाच उघडा स्कोप घेऊन गेले. आता स्कोप कॅफेत आहे, पोट उघडं टाकून, आणि झाकण माझ्याकडे. मागायला येऊ दे कोणी.