नळीतली बोंब

आकडा आला आठशे वीस. रक्त तपासनिसाने चष्मा पुसून पुन्हा पाहिलं. आठशे वीसच.

रक्त त्याच्या मेहुण्यांचं होतं. ते तीन दिवस वरच्या मजल्यावर अतिदक्षता विभागात तापाने फणफणत होते. तपासणी इंटरल्यूकिन-सिक्सची. हे प्रथिन म्हणजे पेशींनी मारलेली बोंब. 'चोर आला' अशी हाक गेली की पहारेकरी धावतात, अंग तापतं, सुजतं. बोंब हाताबाहेर गेली तर तेच पहारेकरी घराची कौलं फोडतात. मग तिचं तोंड दाबणारं इंजेक्शन देतात. मात्र घरात खरोखर चोर, म्हणजे जंतू असले, तर त्या इंजेक्शनाने पहारेकरीच झोपतात आणि चोराला रान मोकळं मिळतं.

"दादा, वाढलाय ना आकडा?" प्रयोगशाळेच्या खिडकीतून धाकटी बहीण. "म्हणजे इंजेक्शन मिळणार!"

तो नळीवरची वेळ वाचत होता. रक्त काढलं सकाळी आठ दहाला. पेशी वेगळ्या करणाऱ्या यंत्रात फिरवलं दुपारी पाऊण वाजता. नळ्यांच्या चोवीस खाचा भरल्याशिवाय यंत्र फिरवायचं नाही, हा प्रयोगशाळेच्या साहेबांचा दंडक. रिकामी खाच दिसली की त्यांना घरात पाहुणा उपाशी बसल्यासारखं वाटे. आणि वीस वर्षांच्या सवयीने यानेही ही नळी रांगेत उभी केली होती. साडेचार तास, उकाड्यात. तिथे पेशी आपल्याआपल्यातच बोंबलत बसल्या असणार.

फोन वाजला. वरच्या डॉक्टरीणबाई. "आकडा सांगा. इंजेक्शन भरून ठेवलंय."

"आठशे वीस. पण तो खोटा आहे."

"खोटा? कोणी केला?"

"मी."

"नवं रक्त घ्यायला वर या. पळत."

तो पळाला. वयाच्या छपन्नाव्या वर्षी जितकं पळता येतं तितकं. परत येऊन त्याने यंत्रात एक नळी रक्ताची आणि तोल साधायला समोर एक पाण्याची ठेवली. बावीस खाचा रिकाम्या.

"तू थांबवलंस?" बहिणीचा आवाज चिरकला. "माझ्या माणसाचं औषध? सख्ख्या भावाने?"

त्याने यंत्राचं झाकण लावलं आणि कळ दाबली.

तीस मिनिटांनी आकडा आला अठ्ठ्याण्णव.

"म्हणजे चोरापुरतीच बोंब," डॉक्टरीणबाई फोनवर म्हणाल्या. "आता चोर शोधते. पोटाची सोनोग्राफी लावतेय."

संध्याकाळी यकृताच्या मागे पुवाची गाठ सापडली. सुईने पू काढला, जंतूंवरचं औषध सुरू झालं. इंजेक्शन दिलं असतं तर काय झालं असतं, हे डॉक्टरीणबाईंनी बहिणीला स्पष्ट सांगितलं. चूक कोणाची, हेही.

बहीण खिडकीशी आली. आभार मानले नाहीत, शिव्याही दिल्या नाहीत.

"उद्याचं रक्त मी स्वतः आणून देणार. आणि ते फिरेपर्यंत इथून हलणार नाही."

"ये," तो म्हणाला, आणि खिडकीबाहेर एक स्टूल ठेवून आला.