वरच्या पाटाची झाडं

बस्सूमामाच्या बागेतल्या एका झाडाची झावळी एकाच बाजूने पांढरी पडली होती. इत्तोने शिडी लावून ती कापली, देठ उभा चिरला. आत विटकरी रेघ होती. कोयता पुसून ती तशीच शिडीवर थांबली.

"वरच बिऱ्हाड केलंस की काय?" मामा खालून ओरडला. "चहाचं सरबत झालं इथे!"

बयूद हा खजुराचा मातीतला रोग. तो आत वर्षानुवर्षं लपून राहू शकतो; दिसला की झाड वर्ष-दोन वर्षांत वाळतं, आणि औषध नाही. शेती कचेरीतल्या इत्तोने दोन हिवाळे द्रा नदीच्या खोऱ्यातल्या बागा पालथ्या घालून रोगी झाडं टॅबलेटवरच्या नकाशात टिपली होती. रोग मुळांतून आणि पाटाच्या पाण्याबरोबर खाली सरकतो, हे धरून तिने पुढच्या दहा वर्षांचा अंदाज बांधला. नकाशात खालच्या बागा लाल झाल्या. वरच्या पाटाची ही झाडं तेवढी हिरवी राहिली. त्या हिरव्या ठिपक्यांच्या भरवशावर गावच्या पंचांनी ठरवलं, की मेलेल्या माझूल खजुरांच्या जागी लावायचे फुटवे फक्त इथूनच न्यायचे. गेल्या वसंतात लोक ते घेऊनही गेले.

ती उतरली. "मामा, हे झाड कुठून आलं?"

"इज्जाच्या पोरीचं. तिच्या सासरच्यांनी दिलं. पाच वर्षांची झाली टवळी, मलाच दटावते आता."

इज्जा मामाची मुलगी. तिचं सासर खाली, लाल भागात.

"मी विचारलं होतं ना, बाहेरून काही आणलंत का?"

"आणलं नाहीच. मूल झालं, त्यांनी फुटवा दिला. आम्हीही दिला. दिलेलं कुणी बोलून दाखवतं का, पोरी?"

भेट आलेल्या फुटव्यांचा प्रश्न इत्तोला पाहणीच्या वेळीच सुचला होता. प्रश्नावलीत लिहून तिने स्वतःच खोडला होता. जन्माच्या फुटव्याची चौकशी करणं म्हणजे देणाऱ्याचा अपमान. या गावात वाढलेल्या कुणाच्याही तोंडून ते निघालं नसतं. तिला वाटलं होतं, पाण्याचा हिशोब पुरेसा आहे.

"मामा, तुम्ही इथून कुणाकुणाला दिलेत?"

"लाज आहे का काही?"

तिने चिरलेला देठ त्याच्या हातात ठेवला. मामाने रेघेवरून अंगठा फिरवला. त्याच्या आज्याची सगळी बाग अशीच गेली होती. त्याला आणखी काही सांगावं लागलं नाही. तो शिडीच्या पायाशी बसला आणि जमिनीकडे बघत, ज्यांच्या जन्माला फुटवे दिले त्यांची नावं घेऊ लागला. हद्दूची जुळी. तामूचा थोरला. पलीकडच्या कसरातली, त्या तटबंदीच्या वस्तीतली, तिघं. प्रत्येक नावासरशी इत्तो नकाशात एक ठिपका टाकत गेली. त्या घरांनीही पुढे दिलेच असणार. शेवटी तिने अंदाज पुन्हा चालवला.

लाल रंग आता पाटाने चालत नव्हता. तो घराघरांतून फुटला, डोंगर ओलांडून शेजारच्या खोऱ्यात उतरला. सातव्या वर्षी हिरवं काही उरलं नाही. तिने आकडे बदलून पाहिले. आठव्या वर्षी.

"तोडू या का हे?" मामाने विचारलं.

"तोडू. पण आता उशीर झालाय."

मामाने टॅबलेट ओढून घेतला, उन्हात हाताची सावली धरली. त्याला अक्षर येत नव्हतं, पण बागा ओळखू येत होत्या. त्याचं बोट ठिपक्यांवरून सावकाश फिरलं. "ही तामूची. हा हद्दूचा मळा. ही आमची इज्जा." बोट थांबलं. त्याने वर पाहिलं, आणि पाहुण्यांची पंगत उठताना विचारावं तसं, जरा संकोचून विचारलं, "कुणी राहिलं तर नाही ना?"

"नाही, मामा," इत्तो म्हणाली. "कुणीच राहिलं नाही."