आईच्या पोटरीतली गुठळी

माझे बाबा मालिशवाले. त्यांच्या हाताला गुण आहे असं सगळी गल्ली म्हणे, आणि बाबांनाही ते ऐकायला काही वाईट वाटत नसे. आई चिडवायची, "जगाचे पाय दाबतात, घरच्या पायांना मेला मुहूर्तच लागत नाही!"

तिचा घोटा मोडला आणि मुहूर्त लागला. प्लास्टर निघालं तरी पोटरी सुजलेली होती, हाताला गरम लागत होती. बाबांनी तेल कोमट केलं आणि अगदी मन लावून चोळलं. "हलकं वाटतंय हो," म्हणत आई उठली, दोन पावलं चालली आणि दारातच कोसळली. दवाखान्यात पोचेपर्यंत सगळं संपलं होतं.

डॉक्टरीणबाईंनी मला बाजूला घेतलं. बोट कापलं की रक्त थिजतं, त्याची गुठळी धरते, म्हणून तर माणूस वाचतो. पण पाय बरेच दिवस हलला नाही की तशीच गुठळी आत शिरेतच धरते. आईची तिथून सुटली आणि फुप्फुसात जाऊन अडकली. "असा पाय चोळायचा नसतो," त्या म्हणाल्या. "आपोआपही सुटली असती म्हणा." ते 'म्हणा' मी घट्ट धरून ठेवलं. बाबांना एवढंच सांगितलं, की हृदय बंद पडलं.

भेटायला येईल त्याला बाबा सांगत, "शेवटी माझ्या हातून तिची सेवा घडली." मी आत जाऊन भांडी आपटायची. रडू यायचं, रागही यायचा, पण त्यांच्यापाशी तेवढंच तर उरलं होतं.

पुढे त्यांनी पुन्हा काम सुरू केलं. एक रंगारी आला, शिडीवरून पडलेला. प्लास्टर नुकतंच निघालेलं, पोटरी सुजून टम्म. बाबांनी तळहातावर तेल घेतलं. मी पुढे झाले.

"बाबा, हात लावू नका."

"अगं, नुसती सूज आहे. तुझ्या आईला नव्हती का?"

"म्हणूनच सांगतेय. तिच्या पायात रक्ताची गुठळी होती. चोळताना सुटली."

त्यांनी हात मागे घेतला. मग रंगाऱ्याला म्हणाले, "गाडी करा आणि थेट दवाखाना गाठा. वाटेत कुणाला पाय दाबू देऊ नका."

तो गेला. बाबा तेलाचे हात तसेच धरून बसले.

"आपोआपही सुटली असती, बाबा. डॉक्टरीणबाईच म्हणाल्या."

"मी हळूच चोळत होतो गं," ते म्हणाले. "तीच म्हणाली, जरा जोर लावा."