मधली चाल

जाकीरने पाटीवर ‘गा’ एवढं एकच अक्षर लिहिलं आणि पाटी उदेसिंगपुढे धरली.

उदेसिंगने वाचलं आणि पाटी भूपेंद्रकडे सरकवली. तिघं तळोद्यातल्या जाकीरच्या गाद्यांच्या दुकानात बसले होते. शहाद्याचा कार्यक्रम आठ दिवसांवर आला होता, पुण्याहून ध्वनिमुद्रण करणारी माणसं येणार होती, आणि डॉक्टरांनी जाकीरला तीन महिने तोंडातून आवाज काढायला मनाई केली होती. कुजबुजायचंसुद्धा नाही. उभा जन्म कापूस पिंजण्यात गेलेला. स्वरयंत्रावर गाठ आली होती. साधीच होती, पण होती.

‘सातपुडाना वाघ’ हे त्यांचं मंडळ उभं राहून तीस वर्षं झाली होती. तिघं कॉलेजात असताना नर्मदेकाठच्या मणिबेलीला आलेल्या एका परदेशी पाहुण्याने उदेसिंगला कॅसेट दिली होती, जमैकातल्या तीन जटाधारी गायकांची. शब्द कळत नव्हते, पण ठेका उलटा पडत होता आणि तीन गळे एकमेकांना बिलगून चालत होते. याला रेगे म्हणतात, हे त्यांना पुष्कळ पुढे कळलं. कॅसेटच्या वेष्टनावर छापलेला सिंह आपल्या वाघदेवाचा भाऊ, हे मात्र उदेसिंगने तेव्हाच ठरवून टाकलं. त्या गायकांच्या रास्ताफारी पंथाचं जेवढं समजलं तेवढं त्याने मनापासून धरलं. दारू-मटण सोडलं, भाजीतलं मीठ सोडलं, केसांना फणी लावायचं सोडलं. आता धडगावच्या बाजारात त्याने जीप उभी केली की म्हाताऱ्या त्याच्याकडे अंगारा मागायच्या.

त्या ठेक्यावर त्यांनी अहिराणी आणि पावरी बोलींत गाणी बांधली. पहिल्यांदा स्नेहसंमेलनात हुर्यो उडाली. मग होडीतून मणिबेलीला जाऊन गायले. तिथे लोकांनी धरणात बुडालेल्या गावाचं गाणं चार वेळा म्हणायला लावलं. पुढे जत्रा झाल्या, लग्नं झाली, सुरतेत एक कॅसेट निघाली. भूपेंद्र तापीकाठचा केळीवाला. वरचा आवाज त्याचा, आणि लोक त्याच्यावर खूश. उदेसिंगचा खर्ज डोंगरातून आल्यासारखा. मधला आवाज जाकीरचा. कार्यक्रम संपला की लोक त्या दोघांना हार घालायचे आणि जाकीरला विचारायचे, तुम्ही काय वाजवता?

त्याने ते कधी मनाला लावून घेतलं नव्हतं. पण दोघं गायला तयार झाल्यापासून एक विचार त्याच्या डोक्यातून जात नव्हता. आपण नाही, हे कुणाच्या लक्षातच आलं नाही तर?

कार्यक्रमाच्या दुपारी इफ्फतही शहाद्याला आली. ही जाकीरची बायको तीस वर्षं तिघांना जेवू घालत होती, उदेसिंगची अळणी भाजी वेगळी काढत होती, भूपेंद्रची एकादशी सांभाळत होती. पण तालमी भूपेंद्रच्या मळ्यात आणि कार्यक्रम गावोगावी. दुकान, मुलं, सासू यांतून गाणं ऐकायला जाणं काही झालं नव्हतं. पहिल्या रांगेत ती जाकीरशेजारी ओढणी सावरून बसली.

दोघंच गात होते, तरी पहिल्या कडव्यालाच गाणं रंगलं. मागून टाळ्या पडल्या, कुणी शिट्टी घातली. जाकीरने मांडीवर हाताची बोटं एकमेकांत अडकवली आणि तो समोरच्या कुंडीकडे बघत राहिला. काहीच अडलं नव्हतं.

इफ्फत त्याच्याकडे झुकली.

“ह्या चुकी ऱ्हायनात,” ती म्हणाली. “हाई ते गानं नही.”

त्याने मान हलवली. तेच आहे, असं खुणेने सांगितलं.

“नही. माले पाठ शे.”

दुसरं कडवं लागलं तशी ती गुणगुणू लागली. गादीला टाके घालताना जाकीर जी आपली मधली चाल म्हणायचा, नेमकी तीच. घरात टेप नव्हता, दुसरं काही तिने ऐकलंच नव्हतं; तिच्या लेखी गाणं म्हणजे एवढंच. मुलाचा पाढा अडला की आई जसा मोठ्याने पुढचा आकडा म्हणते, तसा तिने आवाज वाढवला.

उदेसिंगने खर्ज न सोडता डोळे उघडले. तो मंचाच्या कडेला आला, जटा मागे टाकून तिथेच बसला आणि हातातला माइक त्याने तिच्यापुढे धरला. इफ्फतने ओढणी पुढे ओढली. ती उठली नाही, पण थांबलीही नाही.

बाईचा गळा, चाल आपोआप वर चढली. तीस वर्षं दोघांच्या मध्ये दडलेली ती चाल आता भूपेंद्रच्याही वर गेली. या वेळी शिट्टी घालायचं कुणाला सुचलं नाही. आपलं गाणं बाहेर बसून, पुरतं असं जाकीर पहिल्यांदाच ऐकत होता. त्याची बोटं कधी सुटली आणि पाय ठेक्यावर कधी हलू लागला, हे त्याला कळलं नाही.

नंतर ध्वनिमुद्रण करणारी मुलगी धावत आली. ती वरची चाल कुणी बांधली, असं तिने विचारलं. भूपेंद्र आणि उदेसिंग, दोघांनीही जाकीरकडे बोट दाखवलं. तिने त्याचं पूर्ण नाव विचारून लिहून घेतलं.

परतताना जीपच्या खिडकीतून ऊस मागे पळत होता. इफ्फतने तिळाचे लाडू सगळ्यांना वाटले आणि मग भूपेंद्रला शांतपणे सांगितलं,

“तुम्हनी चाल त्या कडवामा बठस नही.”

तीस वर्षं हार घालून घेतलेला भूपेंद्र मागे वळला. “कोठे बठस नही, भाभी?”

तिने ओळ दाखवली. त्याने ती तिच्या मागोमाग म्हणून पाहिली. पुढच्या सीटवर त्याच्याशेजारी जाकीर गळ्यावर हात ठेवून आवाज न करता हसत होता, खांदे गदगदेपर्यंत.

“परत एकदाव म्हना,” इफ्फत म्हणाली.