माझ्या हातांवरच्या मुठी

मित्रांनो, मला पाहिले की तुमच्यातले निम्मे जण तोंड घट्ट मिटून घेतील आणि उरलेले आईच्या मागे लपतील, हे मला चांगले ठाऊक आहे. त्याचे वाईट वाटून घ्यायचे दिवस केव्हाच सरले. मी दातांच्या दवाखान्यातली एक जुनी खुर्ची आहे. जे काही दुखले ते सुईने आणि चिमट्याने दुखवले, पण बदनाम झाले मी.

माझा जन्म एका मोठ्या कारखान्यातला. आधी लोखंडी सांगाडा झाला, मग वरखाली होण्यासाठी पायाशी खटका बसला, डोक्यावर दिवा आला. शेवटी गाद्या भरणारे एक म्हातारे कारागीर आले आणि त्यांनी माझ्या दोन्ही हातांत काथ्या अगदी ठासून भरला. मुकादम म्हणाला, "अहो, डोक्याखाली घाला की जास्त!" ते म्हणाले, "डोक्याचं काय घेऊन बसलात? माणूस घाबरला की आधी हातानं घाबरतो." त्यांचे हे बोलणे मला जन्मभर पुरले.

कारण दवाखान्यात माणसे यायची ती जीव मुठीत धरूनच, आणि ती मूठ असायची माझ्या हातावर. वर्तमानपत्र वाचत ऐटीत बसणारा साहेब आतून किती गळाठला आहे, ते मला त्याच्या बोटांवरून कळे. डॉक्टर स्वभावाने मऊ होते. त्यांच्या मदतीला होती ताई. तिचे नाव वेगळे होते, पण शाळकरी पोरांपासून आजोबांपर्यंत सगळे तिला ताईच म्हणत. हत्यारे उकळणे, तोंडातले पाणी नळीने ओढून घेणे आणि रडणाऱ्याला गप्प करणे ही तिची कामे. यातले तिसरे तिला सर्वांत छान जमे.

त्या ताईने एक दिवस रहस्यकथा लिहायला घेतली! दुपारी दवाखाना बंद असला की ती माझ्यावर मांडी घालून बसे, दिवा खाली ओढी आणि लिहू लागे. टेकडीवरचे एक हॉटेल, वादळात पूल वाहून गेलेला आणि हॉटेलच्या म्हाताऱ्या मालकाचा खून, असा बेत होता. पण खून काही होईना. बिचारीचा जीवच होत नव्हता. कधी मालकाला नुसतीच चक्कर येई, कधी ऐन वेळी कुणीतरी चहा घेऊन येई. तिची थोरली बहीण, आक्का, दवाखान्यात डोकावली की हसून लोटपोट होई. "अगं, तुझ्याच्यानं झुरळ मारवत नाही, माणूस कसला मारतेस!" एवढे म्हणून ती निघून जाई. लहानपणापासून ताईचे कुठलेही बोलणे आक्काने शेवटपर्यंत ऐकून घेतले नव्हते. डॉक्टरांनी मात्र मन लावून सारे ऐकले आणि म्हणाले, "ताई, एकदाचा मारा हो त्याला. आम्ही सगळे खोळंबलोय."

मग तिने मनाचा हिय्या केला आणि मालकाला मारले. त्या दिवशी तिला जेवण गेले नाही.

आता गोष्ट ऐकवायची कुणाला? हिरडीत इंजेक्शन दिले की बधिरी चढेपर्यंत थोडा वेळ जातो, आणि त्याच वेळात माणूस सर्वांत जास्त घाबरतो. ताई शेजारी स्टूल ओढून बसे आणि विचारी, "एक गोष्ट सांगू?" तोंडात कापसाचे बोळे असलेला माणूस नाही तरी कसे म्हणणार? ती बोलत राही आणि तिचे लक्ष असे ऐकणाऱ्याच्या हातांवर. हॉटेलच्या पडद्यांचे वर्णन लांबले की मुठी सैल पडत. जिन्यावर पाऊल वाजले की बोटे माझ्यात रुतत. मुठी सैल पडल्या की ताई दुपारी तेवढा भाग काढून टाके. मित्रांनो, कादंबरी लिहायला ती अशी शिकली आणि तिची शाळा मी होते. हे सांगताना आजही माझा ऊर भरून येतो.

लिहून झाले, तसे तिने सगळे एका प्रकाशकबाईंकडे पाठवले. बाईंचा फोन आला तेव्हा ताई माझ्यावरच बसली होती. "लिहिता छान हो," बाई म्हणाल्या, "पण हॉटेलचा माळीच खुनी आहे, हे फार लवकर कळतं. कशानं कळतं ते मला नाही सांगता येत, पण कळतं. नीट लपवा त्याला आणि पाठवा. मात्र आता एकदाच वाचीन हं."

ताईने जंग जंग पछाडले. माळ्याला देवभोळा केला, स्वयंपाक्याच्या हाती सुरा दिला, मालकाच्या पुतण्याला कर्जात बुडवले. तरी ज्याला विचारावे तो माळ्याचेच नाव घेई. तिचा चेहरा उतरला. "नाहीच जमायचं मला," असे ती पहिल्यांदा म्हणाली, तेव्हा मला तोंड असते तर मी ओरडले असते.

हे कोडे सोडवले ते ड्रायव्हरकाकांनी. जन्मभर बस चालवलेले हे काका दाढ भरायला आले होते. अर्धे तोंड बधिर, तरी गोष्ट संपताच बोबडे बोलले, "माळीच ना?"

"काका, कशावरून?" ताई रडकुंडीला आली.

"अगं पोरी, पुतण्याचा सुळा पुढं आलेला, स्वयंपाक्याची दाढ किडलेली, मालकाची कवळी पेल्यात ठेवलेली. तू सगळ्यांची तोंडं उघडून दाखवलीस. एका त्या माळ्याचं तेवढं उघडलं नाहीस. मग मी म्हटलं, ह्यानंच काहीतरी केलंय."

ताई आ वासून बघतच राहिली. डॉक्टर तर हसता हसता भिंतीला टेकले. रोज दात बघणारी बाई. कुणाची ओळख करून द्यायची म्हटली की तिची लेखणी आपोआप दातांकडेच वळे. फक्त माळ्याला लपवायच्या धडपडीत त्याचे तोंड तिने मिटून ठेवले होते!

त्या दुपारी तिने माळ्याला दात दिले. स्वच्छ, एकसारखे, ज्यांना बघून डॉक्टरांनी शाबासकी द्यावी असे. इतक्या निगुतीने दात घासणारा माणूस कुणाचा जीव घेईल, असे कुणाला वाटणार? (म्हणून तुम्ही दात घासायचे सोडू नका हं!)

पुढच्याच आठवड्यात आक्काची दाढ ठणकली. तोंड सताड उघडे आणि बोलता मात्र येत नाही, अशी आक्का ताईला जन्मात पहिल्यांदाच मिळाली. ताईने स्टूल जवळ ओढले आणि गोष्ट सुरू केली. आक्काने पडूनच राहायचे म्हणून ऐकायला सुरुवात केली. जिन्यावर पाऊल वाजले. आक्काची बोटे वळली. पेल्यातली कवळी नाहीशी झाली आणि आक्काची नखे माझ्या उजव्या हातात शिरली. माळी दारात उभा राहून हसला, त्याचे ते सुंदर दात दिसले, आणि टर्रकन माझे रेक्झिन फाटले.

डॉक्टर आत आले. "बधिर झालं का?"

आक्काने त्यांना हातानेच थांबवले आणि वाकड्या तोंडाने ताईला म्हणाली, "फुडे? फुडे काय जालं?"

ताईच्या डोळ्यांत पाणी आले. माझा हात फाटला होता, पण खरे सांगते, मला तेव्हा मुळीच दुखले नाही.

प्रकाशकबाईंनी एकदाच वाचले आणि एकदाच पुरले. "मी त्या माळ्यावर विश्वास ठेवला हो!" त्या फोनवर जवळजवळ भांडल्याच. मग कात्री चालली, मुद्रणातल्या चुका निघाल्या, मुखपृष्ठावर पेल्यातली कवळी आली. पुस्तक दवाखान्याच्या बाकावर पडून असे आणि नंबर पुकारला तरी माणसे म्हणत, "थांबा हो, एवढं पान होऊ दे."

पण माझे दिवस भरले होते. बटणावर चालणारी नवी खुर्ची आली. दोघा मजुरांनी माझे बोल्ट काढून मला मागच्या पडवीत टाकले. माझ्या अंगावर झाडू, डबे आणि कबुतरे आली. एके दिवशी भंगारवाला मला उचलायला लागला, तोच ताई ओल्या हातांनी धावत आली. "हिला हात लावू नका. डॉक्टर, ही माझ्या घरी येतेय!" आक्का म्हणाली, "अगं, पाहुणे उंबऱ्यावरून पळतील!" पण माझी मागची बाजू धरायला तीच पुढे झाली.

मित्रांनो, तुमच्या घरातही कुणीतरी अडखळत काहीतरी नवे शिकत असेल. त्याला हसा हवे तर, पण शेवटपर्यंत ऐका. आणि राबून थकलेल्या जुन्या वस्तूला टाकून देण्याआधी तिच्यावर एकदा हात ठेवून बघा. माझे फाटलेले रेक्झिन ताईने अजून शिवू दिलेले नाही.

इतक्या वर्षांत ताईची मूठ तेवढी मला ठाऊक नव्हती. तिच्या हातात नेहमी नळी असे, नाहीतर पेन. परवा दुपारी ती माझ्यावर रेलून स्वतःचेच पुस्तक पहिल्यांदा सलग वाचत होती. जिन्यावर पाऊल वाजले तशी तिची बोटे हळूच सरकत आली आणि त्या फाटलेल्या जागी घट्ट रुतली. खुनी कोण ते तिला ठाऊक होते, तरीसुद्धा.